डावीकडची जाळी

१

सुयोग परबचं पोट हवेवर चालत होतं. नवा मॉल असो, हॉस्पिटल असो, ऑफिसचा मजला असो. तिथे एसी बसवून झाला की छतातल्या एकेका जाळीखाली शिडी लावायची, कुठून किती वारा येतो ते यंत्राने मोजायचं आणि जिथे कमी येतो तिथे तो वाढवून द्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे आपल्याच गाडीत आपली बायको घामाने निथळत बसलीय, हे त्याला भलतंच लागायचं.

गाडी जुनी घेतलेली, पण सांभाळलेली होती. रोज सकाळी दोघं मरोळहून निघायचे आणि आरेच्या रस्त्याने गोरेगावला यायचे. श्वेताला स्टुडिओपाशी उतरवून सुयोग आपल्या साइटवर जायचा. श्वेता कार्टूनना मराठी आवाज द्यायची. चुरूचुरू बोलणारी खार, दर दोन शब्दांनी धाप लागणारी आजी, खोकत खोकत हसणारी चेटकीण, सगळी त्या एकाच गळ्यात नांदायची.

"तुझ्या बाजूला महाबळेश्वर आणि माझ्या बाजूला नुसता मे महिना," डॅशबोर्डच्या डाव्या टोकाच्या जाळीवर तळहात धरून ती म्हणाली. "हे बघ. काही म्हणजे काही येत नाही."

"काय?"

"अरे, हवा येत नाही म्हटलं!"

"फिल्टर चोंदला असेल. मधल्या जाळ्यांतूनपण कमीच येतेय."

"मग बघ ना. दुनियेची हवा मोजत फिरतोस."

तिचं बरोबर होतं. सुयोगला मात्र मनातून वेगळंच काहीतरी खटकत होतं. गाडीत बसलं की हल्ली तो तिला सारखं "काय?" विचारायचा. ती हातभर अंतरावर बसलेली असायची, पण तिचं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटायचं. वर्षानुवर्षं पंख्यांच्या घरघरीत काम केलेलं, कान गेले असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. घरात मात्र तिचं पुटपुटणंही त्याला स्वच्छ ऐकू यायचं. ह्याचा हिशेब त्याने लावला नाही.

२

मरोळ नाक्याजवळ केतनचं गॅरेज होतं. गाड्यांच्या एसीचं काम तो चांगलं करायचा. त्याने डाव्या बाजूचा खण काढला, मागचा फिल्टर ओढला, तर आरेतला सुका पाला, धूळ आणि कसल्याशा पाखराची पिसं ह्यांचा घट्ट थरच हातात आला.

"हे बघा भाई. श्वास घेणार कसा बिचारी?" केतन हसला.

नवा फिल्टर बसवला. ब्लोअरचा पंखा बाहेर काढून साफ केला. वेग कमीजास्त करणारा भाग तपासला, हवेची दिशा बदलणारी आतली झडप उघडमिट करून पाहिली. सगळं ठीक होतं. गाडी चालू केली तर उजव्या आणि मधल्या जाळ्यांतून असा वारा सुटला की मागच्या सीटवरचा पेपर उडाला. डावीकडे मात्र शांतता.

केतनने खिशातून टिश्यू काढून डाव्या जाळीसमोर धरला. हवा नसेल तर कागद नुसता लोंबायला हवा होता. तो अलगद पुढे सरकला आणि जाळीला चिकटून बसला.

केतनने बोटं सोडली. कागद तसाच राहिला.

"उलटं खेचतंय," तो म्हणाला. "पंखा उलटा फिरत असता तर सगळीकडूनच खेचलं असतं ना?"

सुयोगला उत्तर सुचलं. शेजारच्या नळीतून जोरात हवा गेली की मोकळ्या तोंडातून थोडी आत ओढली जाते. असं त्याने साइटवर कितीदा पाहिलं होतं. आत कुठेतरी जोड निसटला असणार. त्याने हे केतनला समजावून सांगितलं आणि सांगता सांगता हात लांबवून ब्लोअर बंद केला, म्हणजे कागद पडेल आणि मुद्दा सिद्ध होईल.

कागद पडला नाही.

त्याने इंजीन बंद केलं, चावी काढून घेतली, चारही दारं सताड उघडली. गॅरेजमध्ये वारा नव्हता. कागद जाळीला चिकटलेलाच होता, आणि पट्ट्यांच्या फटींमधून त्याला बारीक खळगे पडत होते.

केतन फडक्याला हात पुसत म्हणाला, "भाई, बाकीच्या जाळ्या झकास झाल्यात. एवढी एक राहू द्या," आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

३

खरं सांगायचं तर सुयोग घाबरला नव्हता. उलट कितीतरी वर्षांनी त्याला कामात मजा वाटायला लागली होती. रविवारी सकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडून तो अगरबत्तीचा पुडा घेऊन बसला. हवा दिसत नाही, धूर दिसतो. साइटवर धुराची कांडी असते, घरी अगरबत्ती.

तळमजल्यावरच्या आयडा आंटी भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. गावठाणातलं त्यांचं जुनं घर पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हापासून पार्किंगमध्ये कोण काय करतं ह्यावर त्यांचं लक्ष असे.

"काय रे सुयोग, गाडीची पूजा करतोस? नवस बोलायला लायसन हरवलं की काय?"

"नाही आंटी, हवा बघतोय."

"हवा बघतोय," आंटींनी पिशवीला सांगितलं आणि त्या आत गेल्या.

धुराची रेघ आधी सरळ वर गेली, मग मान वळवावी तशी वळली आणि डाव्या जाळीत शिरायला लागली. सुयोगने दुसरी अगरबत्ती पेटवली, मग आणखी दोन. सगळा धूर गुमान आत जात होता. बॉनेटखालून, सीटखालून, बाकीच्या जाळ्यांतून, कुठूनही तो बाहेर येत नव्हता. गाडीत वासही उरला नव्हता.

श्वेता चहा घेऊन खाली आली आणि डाव्या सीटवर बसली. तिने बराच वेळ धुराकडे पाहिलं.

"भारीच आहे रे. कुठे जातो?"

"तेच कळत नाहीये."

"विचारूया?" ती पुढे वाकली, जाळीला जवळजवळ ओठ लावले आणि बोलायला लागली. डोळे मोठे झाले, गाल फुगले, मान चटाचट हलायला लागली. खार बोलत होती, हे सुयोगला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला. श्वेता दोन फुटांवर तोंड भरून बोलत होती आणि गाडीत काही नव्हतं.

ती हसत मागे झाली. "कशी वाटली?"

"आवाज न काढता केलीस?"

"वेडा आहेस का? घसा ताणून ओरडले मी."

४

सोमवारी स्टुडिओत खार आलीच नाही.

श्वेताने माईकसमोर तोंड उघडलं आणि बारीक शिट्टी बाहेर पडली. मीराताई, म्हणजे तिच्याकडून आवाज बसवून घेणाऱ्या बाई, आधी हसल्या, मग गरम पाणी मागवलं, मग म्हणाल्या, "राहू दे, आज आजीचे सीन घेऊ." आजी व्यवस्थित आली.

"उन्हाळ्याचं घसा सुकतो," संध्याकाळी श्वेता म्हणाली.

ती त्यानंतरही जाळीशी खेळत राहिली. जाता-येता आरेतल्या वळणांवर ती पुढे वाकायची, ओठ हलवायची आणि मग सुयोगकडे बघून भुवया उडवायची. ऐकलं नाहीस ना? तिला त्याची गंमत वाटत होती. असा श्रोता तिला कुठे मिळाला होता? स्टुडिओत सगळे चुका काढायला बसलेले असत. इथे मात्र बोललं की हवेचा ओढा थोडा वाढायचा. कोणीतरी आणखी जवळ सरकून ऐकावं तसा.

त्याच आठवड्यात आजी गेली. मग चेटकीण. घशाच्या डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं आणि सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. श्वेताचं नेहमीचं बोलणं पहिल्यासारखंच होतं. फक्त ती दुसरं कोणी होऊ शकत नव्हती.

"तू त्या जाळीत जे जे बोललीस," सुयोग अडखळत म्हणाला, "तेच तेच जातंय."

"जाळीने आवाज खाल्ले? सुयोग, ऐकतोयस का तू स्वतःला?"

तो ऐकत होता, आणि त्याला लाजही वाटत होती. पण श्वेताच्या जागी मीराताईंनी दुसऱ्या कोणाची तरी चाचणी घेतल्याचं त्याच दिवशी कळलं होतं, आणि स्वयंपाकघरात कुकर लावताना ती हळूच खारीचा प्रयत्न करते आणि थांबते, हे त्याने दारातून पाहिलं होतं.

खाली जाऊन त्याने जाळीवर एसीच्या नळ्यांना लावतात ती चांगली जाड, चंदेरी डक्टची टेप लावली. सकाळी पाहिलं तेव्हा टेप तशीच होती. फक्त मधोमध आत ओढली जाऊन तिची वाटी झाली होती, आणि ती वाटी हलकेच खालीवर होत होती.

५

साइटवर लांबलचक डक्ट तपासायला त्याच्याकडे एक कॅमेरा होता. करंगळीएवढं टोक, त्याला दिवा, मागे केबलचं भेंडोळं आणि चित्र बघायला छोटा पडदा. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, भर दुपारी, तो पार्किंगमध्ये डाव्या सीटवर बसला. जाळी उचकटून काढली आणि कॅमेरा आत सोडला.

त्या नळीची लांबी त्याला ठाऊक होती. जाळीपासून ब्लोअरच्या डब्यापर्यंत, फार तर कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. तेवढी केबल गेली. मग आणखी गेली. पडद्यावर काळं प्लॅस्टिक, धूळ, पुन्हा काळं प्लॅस्टिक. कुठे वळण घेऊन गुंडाळत असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. पण चित्र सरळ पुढे जात होतं आणि केबल हातातून सुरळीत सरकत होती. त्याला ढकलावीसुद्धा लागत नव्हती.

भेंडोळं संपत आलं तेव्हा पुढे उजेड दिसला.

उजेड आडव्या रेघांचा होता. पट्ट्या होत्या त्या, जाळीच्या पट्ट्या, आतल्या बाजूने पाहिलेल्या. पलीकडे कुठेतरी दिवस होता.

आणि आवाज यायला लागला. त्या कॅमेऱ्यात आवाजाची सोय नव्हती. तो समोरच्या उघड्या भोकातून येत होता, फार लांबून. खार बोलत होती. पण नीट येत नव्हती. शब्द वाकडे पडत होते, चुरूचुरू म्हणताना अडखळायला होत होतं. मग थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. नव्याने घेतलेलं वाद्य कोणीतरी हाताळावं तसं. दर खेपेला जरा बरं जमत होतं.

सुयोगला आधी वाटलं ते भय नव्हतं. कोण आहे, हे त्याला बघायचं होतं. त्याने केबल आणखी थोडी सोडली. पडद्यावरच्या उजेडाच्या रेघा मध्येच अडल्या. पलीकडून काहीतरी पट्ट्यांना लागून होतं, मऊ, रुंद, आणि ते बोलण्याच्या तालावर उघडत मिटत होतं. ते पट्ट्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचलेलं होतं.

दिवा त्याच्यावर पडला तसं ते थांबलं. खारही थांबली.

त्याने केबल खेचली. ती मुकाट्याने आली, सगळी, कोरडी. फक्त टोकाची काच ओली होती, आणि त्याने अंगठ्याने पुसल्यावर पुन्हा धुकं धरलं.

६

केतनने दुसऱ्या दिवशी अख्खा डॅशबोर्ड सोडवला. डावी नळी हातात काढून दिली. काळ्या प्लॅस्टिकचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडांनी उघडा. सुयोगने तो डोळ्याला लावला तर पलीकडे गॅरेजचं शटर दिसलं. पुन्हा सगळं जोडलं, टिश्यू धरला. चिकटला.

"विकून टाकू," घरी येऊन सुयोग म्हणाला. आणि त्याने श्वेताला सगळं सांगितलं, खारीसकट.

तो सांगत असताना ती हसली नाही. मध्येच उठून खिडकीशी गेली.

"जमत होती त्याला?" तिने विचारलं.

"सुरुवातीला नाही. नंतर बऱ्यापैकी."

"कुठे चुकत होती?"

"श्वेता!"

"सांग ना."

"शब्दाच्या शेवटी. तू जशी उडी मारतेस, ती त्याला येत नव्हती."

तिने मान डोलावली. तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग म्हणाली, "गाडी विकणार, आणि माझी आजी? ती पण विकणार? पंधरा वर्षं लागली रे मला ती धाप बसवायला. माझ्या आत्याची धाप आहे ती. चावी आण."

"अजिबात नाही."

"मग मी मागून घेते," म्हणत तिने खुंटीवरची चावी उचलली.

तो धावत तिच्या मागे उतरला. पार्किंगमध्ये ऊन तिरकं आलं होतं. आयडा आंटी दारात खुर्ची टाकून लसूण सोलत होत्या. श्वेता डाव्या सीटवर बसली, सुयोग स्टिअरिंगमागे. तिने केस बांधले आणि जाळीसमोर तोंड नेलं. ह्या वेळी चेहरा कुणाचा नव्हता, तिचाच होता, शेजारच्या पोराला दटावताना असतो तसा. ओठ हलले. सुयोगला काही ऐकू आलं नाही, पण तिच्या ओठांवरून "माझे आहेत" एवढं वाचता आलं. पुढचं वाचता आलं नाही. पुढे ती बराच वेळ बोलली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा मऊ होत गेला. तिने एक प्रश्नही विचारला असावा. उत्तराची वाट बघतात तशी ती थांबली.

गॅरेजपासून जाळीला चिकटलेला टिश्यू सुटून खाली पडला.

गाडीत इतकी शांतता झाली की बाहेर आंटींच्या नखाखाली फुटणारी लसणाची सालं ऐकू आली. मग हवा आली. इतके दिवस आत जात होती ती आता बाहेर येत होती, कोमट, दमट, बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या पाटीसारखा वास असलेली. सुयोग मागे सरकला. श्वेता सरकली नाही. तिने डोळे मिटले, तोंड थोडं उघडलं आणि श्वास घेतला. घेत राहिली. माणसाचा श्वास जिथे संपतो तिथे तो संपला नाही.

"श्वेता! बस झालं!" त्याने तिचा खांदा धरून ओढलं.

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं. "अगं बाई, अगं बाई," ती चुरूचुरू म्हणाली, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी ती लहानशी उडी होती, "केवढा घाबरलास रे!"

सुयोगने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला हसू येत होतं.

"आवाज कमी करा रे," आंटी दारातून ओरडल्या. "किती जण बसलेत त्या गाडीत?"

७

जाळी त्यानंतर नीट चालायला लागली. डावीकडून थंडगार हवा यायची, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच. सुयोग दोन दिवस टिश्यू धरून बघत होता, मग ते त्याने सोडून दिलं. गाडीत श्वेताचं बोलणंही आता स्पष्ट ऐकू यायचं. खार आली, आजी आली, चेटकीण आली. मीराताईंनी फोनवरच तिला रागावून घेतलं आणि नव्या भागांसाठी बोलावलं. नव्या भागांत एक डोंगर होता, बोलणारा.

त्या दिवशी सुयोगची साइट जवळच होती, म्हणून तो दुपारी स्टुडिओत थांबला. काचेच्या अलीकडे मीराताई आणि रेकॉर्डिंग करणारा प्रितम, पलीकडे माईकसमोर श्वेता. आधी खारीचे संवाद झाले, मग डोंगराची पाळी आली. तिने पान उलटलं आणि बोलली.

मीराताईंनी पेन खाली ठेवलं. तो आवाज जाड नव्हता की घोगरा नव्हता. तो रुंद होता. आणि फार जुना, आणि जरासा अडखळत, अजून शिकत असल्यासारखा.

"अगं, हा कुठे लपवून ठेवला होतास इतके दिवस?" मीराताई माईकवर म्हणाल्या. पलीकडे श्वेताने लाजून खांदे उडवले.

"पाणी पिऊन घे. मग पुढचा सीन."

श्वेताने बाटली तोंडाला लावली. सुयोग काचेतून तिच्याकडे बघत होता. मान मागे गेलेली, गळ्याची हालचाल दिसत होती, घोट खाली उतरत होते. आणि स्पीकरमधून तो आवाज येत होता. तेच मघाचे शब्द, अगदी हळू, स्वतःशीच. एक शब्द चुकला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून.

"प्रितम, आधीचा टेक बंद कर ना," मीराताई कागदातून डोकं न काढता म्हणाल्या.

"मी काही लावलेलंच नाहीये," प्रितम म्हणाला. त्याच्या समोरच्या पडद्यावर माईकच्या आवाजाची हिरवी पट्टी शब्दागणिक वर चढत होती.

श्वेताने बाटली खाली ठेवली. ओठ पुसले. तिने काचेतून सुयोगकडे पाहिलं, आणि तिलाही ते ऐकू येतंय हे त्याला कळलं. पहिल्यापासूनच येत असावं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरात नवीन आलेल्या कुणाला सांभाळून घेताना असते तशी काळजी होती, आणि थोडं कौतुक.

तिने ओठांवर बोट ठेवलं. ते सुयोगसाठी होतं की आणखी कुणासाठी, हे त्याला समजलं नाही.

आवाज मात्र लगेच थांबला.